इंदूचं टेबल

माझ्या इंदूले आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती, स्वतःचं टेबल. हसू नका. दोन हजार साली नवं राज्य झालं, आमचं रायपूर राजधानी झालं, आन् तिच्या सरकारी कचेरीत भोपाळहून इतके लोक आले का साहेब जास्त आन् खुर्च्या कमी. इंदू टायपिस्ट. तिची मशीन आज याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, उद्या त्याच्या. कुरकुर केली का एकच उत्तर, अ‍ॅडजस्ट कर लो.

हा शब्द आमच्या घरात मीच आणला, खोटं काहून बोलू? लग्नात अंगठी ढिली निघाली, मी म्हटलं दोरा गुंडाळ, अ‍ॅडजस्ट होते. तात्यापाऱ्यातल्या दोन खोल्यांत माझे तीन भाऊ अ‍ॅडजस्ट. ऑटोत तिघांच्या सीटवर ती चौथी, अर्धी बाहेर, तेही अ‍ॅडजस्ट. फक्त गोल बाजारात तिची पाळी. तिथं ती साडीवाल्याले भाव अ‍ॅडजस्ट करायले लावे, बिचारा रडकुंडीले येई.

टेबलासाठी सहा महिने तिनं अर्ज टाइप केले. मे महिन्यात ते आलं, तिच्या नावावर, कुलपाच्या ड्रॉवरसकट! मी डबा घेऊन पोचलो, तर साहेब म्हणून राहिले का भोपाळचे नवे बाबू आलेत, टेबल त्यांना द्या, तुम्ही थोडं अ‍ॅडजस्ट करा. इंदूनं माझ्याकडं पाहिलं. आन् मेली सवय पहा, माझ्या तोंडून निघालं, "कर ना इंदू अ‍ॅडजस्ट."

तिनं पर्स ड्रॉवरमध्ये टाकली, कुलूप लावलं, किल्ली मंगळसूत्रात अडकवली.

"नाही करत," ती म्हणाली. "साहेबांसाठी नाही, आन् तुमच्यासाठीही नाही."

पहिले चपराशी श्रीपाद फिसकन हसला, मग सगळेच, शेवटी साहेबही. नवे बाबू आपणच स्टूल घेऊन खिडकीशी बसले. इंदू त्या टेबलावर दोन्ही कोपरं पसरून जेवली. मले लाज वाटली, आन् अभिमानानं डोळेही भरून आले.

रविवारी दुपारी मी तिची खाट कूलरसमोर, माझ्या जागी ओढली आन् माझी तिच्या कोपऱ्यात नेली.

"काहून?" तिनं विचारलं.

"अ‍ॅडजस्ट करून राहिलो."

ती हसली आन् दोन मिनिटांत घोरायले लागली. मी घामाघूम होऊन पडलो होतो. तो कोपरा इतका तापते, हे मले लग्नाच्या बावीस वर्षांनी कळलं.