तोफेचा आवाज

आमच्या वहिनीला सगळं गाव 'तोफ' म्हणतं. गंमत अशी, की ही तोफ नोकरीला आहे ती अहिंसेच्या स्मारकांवर. परक्या सत्तेला हात न उगारता घालवणाऱ्या माणसांच्या जागा ती लोकांना दाखवते. आधी छापखाना, मग तुरुंग आणि शेवटी नदीवरचा पूल. "त्यांनी कुणावर आवाजसुद्धा चढवला नाही!" हे वाक्य ती अशा आवाजात म्हणते, की तुरुंगाच्या छपरावरची कबुतरं उडतात. मी तिची नणंद, तेव्हा एवढं बोलायचा मला हक्कच आहे.

माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, अगदी उलटा. घड्याळं दुरुस्त करतो आणि तोंड उघडतो ते जेवायला. "माझ्या वाटचंही तीच बोलते," असं तो एकदा म्हणाला होता. त्याचं सगळ्यात लांब भाषण तेच.

वहिनी रोज सकाळी स्वयंपाक करता करता तिन्ही जागांची माहिती मोठ्याने म्हणते. पाठ झालेलं पुन्हा पाठ करायची तिची जुनी खोड. ओट्याशेजारी दादा डोळ्याला भिंग लावून घड्याळात डोकं घालून बसलेला असतो. ऐकतो की नाही, देव जाणे. तिच्याबरोबर त्या जागा बघायला आम्ही दोघं कधी गेलो नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

यंदा वहिनीच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन नीट झालं, पण आवाज गेला. "परत येईल, पण कधी आणि किती, ते सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. वहिनी गळ्यात पाटी अडकवून घरात फिरायला लागली. घर इतकं शांत झालं, की मला घास उतरेना.

मग स्मारकांचे व्यवस्थापक घरी आले. माणूस वाईट नव्हता. "बाई, हल्ली लोकांच्या कानात घालायची यंत्रं मिळतात. बटण दाबलं की माहिती सुरू. तुम्ही आता आराम करा," म्हणाले. वहिनीने पाटीवर लिहिलं, 'एक रविवार द्या.' "बरं, रविवारी बघू," म्हणून ते उठले. ते गेल्यावर ती ओट्याला टेकून रडली. तोफेचं ते बिनआवाजाचं रडणं मला बघवेना.

ठरलं असं, की वहिनी दाखवणार आणि मी बोलणार. घरात माझी जीभ कात्रीसारखी चालते, मग काळजी कसली? रविवारी छापखान्यात बरेच लोक जमले, मागे कडक इस्त्रीच्या पँटमध्ये व्यवस्थापक. मी सुरुवात केली, "याच यंत्रावर..." आणि तोंडाला कुलूप. वहिनी खुणा करून दमली, पण मला काही केल्या पुढचं आठवेना.

"याच यंत्रावर ते पत्रकं छापायचे," मागून कुणीतरी म्हणालं, "आणि खडखडाट बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून शेजारची पोरं दारात दंगा घालायची."

दादा! तो आला होता फक्त वहिनीची पाण्याची बाटली धरायला. नजर जमिनीवर, कान लाल, पण बोलणं घडाघडा. शब्द न शब्द वहिनीचा, थांबायच्या जागासुद्धा तिच्याच. ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. तुरुंगात तर गडी चांगलाच रंगला. "या कोठडीत सगळ्या बायका होत्या. जेलर म्हणाला, माफी मागा, आत्ता सोडतो. त्या हसल्या. अहो, दूध बघा, उतू जातंय!"

व्यवस्थापक दचकून मागे बघायला लागले. दादाने ऐकलं तसं पाठ केलं होतं, स्वयंपाकघरासकट! वहिनी भिंतीला धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग सगळेच हसले. दादा मात्र घामाघूम.

शेवटी पूल आला. "शिपाई चालून आले तेव्हा माणसं इथे खाली बसली," दादा म्हणाला. "सांगून उठली नाहीत. मारलं तरी उठली नाहीत." आणि तो थांबला. घरी वहिनी इथपर्यंत आली की भांडी आवरायला घ्यायची. आम्हाला वाटायचं, उशीर होतो म्हणून पुढचं राहतं. दादाने घाबरून माझ्याकडे पाहिलं, मी व्यवस्थापकांकडे. इतकं करून आता मुसळ केरात!

तेवढ्यात वहिनी पुढे आली आणि पुलावर खाली बसली. दादा तिच्या शेजारी बसला. मग एकेक करत लोक बसले. व्यवस्थापकांनी पँट जरा वर ओढली आणि तेही बसले. कुणी बोललं नाही. खालून नदी वाहत होती. मला रडू आवरेना.

उठल्यावर व्यवस्थापक कपडे झटकत दादाला म्हणाले, "पुढच्या रविवारी दोघंही वेळेवर या. यंत्रांचं राहू दे."

घरी परतताना दादा अजून खजीलच होता. "पुलावर अडकलो गं मी. इतकी वर्षं तू तिथे काय सांगतेस?"

वहिनीने पाटीवर लिहिलं, 'काहीच नाही. तिथे मी गप्प बसते.'

दादा रस्त्यातच थांबला आणि ती अक्षरं बघत राहिला. "एकदा तरी यायला हवं होतं मी," तो म्हणाला.

तिने पदराने पाटी पुसली आणि लिहिलं, 'आलात की.'