साडूंची अकारविल्हे यादी

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता अंबडमधल्या एका रक्तपेढीचा सर्व्हर बंद पडला. अकरापर्यंत तो आणखी तीनदा पडला. वाटूरहून आणलेल्या एका गरोदर बाईचं सिझेरियन ओ निगेटिव्ह रक्तासाठी थांबलं होतं. डॉक्टरांनी दुपारपर्यंतची मुदत दिली होती. पेढीत त्या गटाची पिशवी नव्हती आणि दात्यांचे फोन नंबर सर्व्हरमध्ये होते. मी माझ्या साडूंना मोटारसायकलवर बसवून तिथे नेलं.

बिघाड शोधणारा त्यांच्यासारखा माणूस जिल्ह्यात नाही. मूळचे केदारखेड्याचे; पेढीचे कॉम्प्युटर तेच बघतात. कोणत्याही बिघाडावर त्यांचा पहिला प्रश्न एकच: "काल काय बदललं?" घरी कुकरची शिट्टी होईना तेव्हाही त्यांनी तोच विचारला. "काल तुम्ही दिवसभर घरी होते, तेवढंच बदललं," मेहुणी म्हणाली. दुसरं वेड अकारविल्हे क्रमाचं. मसाल्याचे डबे अ पासून ज्ञ पर्यंत. मुलीच्या लग्नात पंगतही त्यांनी आडनावांप्रमाणे बसवली, त्यामुळे बांधावरून बोलणं टाकलेले दोन चुलतभाऊ शेजारी-शेजारी जेवले. एकाने दुसऱ्याला मीठ दिलं, असं मेहुणी सांगते. मी ते पाहिलं नाही. दात्यांची नावं सर्व्हर नीट लावत नाही म्हणून साडूंनी स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहून त्याला जोडला होता. पाहुण्यांना ते तो दाखवत.

"काका, यादी मागितली की पडून राह्यलाय," पेढीतल्या तंत्रज्ञ बाई म्हणाल्या. "परत चालू करू?"

"थांबा. काल काय बदललं?"

"काहीच न्हाई."

"बदललं. मीच बदललं."

आदल्या संध्याकाळी सुरक्षेचं अपडेट त्यांनीच घातलं होतं. त्यात सिस्टीमची एक लायब्ररी, म्हणजे सगळे प्रोग्राम सामाईक वापरतात तो भाग, नवी आली होती. त्यांनी एका दात्याचा क्रमांक टाकला, माहिती आली. यादी मागितली, सर्व्हर पडला. दोन्हींत फरक फक्त त्यांच्या प्रोग्रामचा होता. तो जुन्या लायब्ररीवर बेतलेला होता.

"मग अपडेट काढून टाका," मी म्हणालो.

"साडूभाऊ, दाराला नवं कुलूप बसवलं. माझी किल्ली लागंना म्हणून कुलूप काढू का? आत लोकांची नावं हायेत."

प्रोग्राम नव्याने बांधायला दोन दिवस लागले असते. साडूंनी तो काढून टाकला. त्याला दोन मिनिटं लागली.

यादी आली. शंकर, अनिता, मोहन, आशा. साडूंनी चष्मा काढून पुसला.

"काय अवतार झालाय हिचा," ते म्हणाले.

"नंबर बराबर हायेत ना काका? मंग बास," म्हणत बाईंनी फोन लावला.

तिसऱ्या फोनवर गावातलेच एक शिक्षक मिळाले. पाऊण तासात ते आले. तपासण्या होऊन पिशवी मुदतीत गेली. मुलगी झाली, आई आणि मुलगी सुखरूप आहेत.

नवा प्रोग्राम साडूंनी लिहिला आहे, पण तो आधी घरच्या कॉम्प्युटरवर महिनाभर चालवून बघायचा, असं त्यांनी ठरवलं आहे. तोवर ते रोज संध्याकाळी पेढीत बसून दात्यांची नावं एका वहीत हाताने अकारविल्हे उतरवतात. परवा मी गेलो तेव्हा ते 'म'पर्यंत आले होते.