तंबूत टांगलेलं घोंगडं

अणदूरचा सिदू रस्त्यात भेटला तर आधी तुमच्या पायांकडे बघेल. सगळा जन्म मेंढरांमागे गेलेला माणूस. कोण थकलंय, कोण दुखणं लपवतंय, हे त्याला पायांवरूनच कळतं. मी शाळेतून निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या दिवशी सगळे माझ्या गुणांबद्दल बोलले. सिदूनं फक्त विचारलं, की टाच कधीपासून दुखतेय.

त्याची मुलगी मंजुषा माझी विद्यार्थिनी. थोरला भाऊ ढोकीच्या कारखान्यात लागला आणि ही डॉक्टरकी शिकायला किरगिझस्तानात गेली. ते नाव सिदूच्या तोंडी कधी बसलं नाही. तो ‘मंजूचा देश’ म्हणायचा. मी त्याला नकाशा उघडून दाखवला होता. आपल्या महाराष्ट्राहूनही लहान देश, चारी बाजूंनी दुसऱ्यांच्या जमिनी, समुद्राचं तोंडही दिसत नाही. घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढं. सिदूच्या मनात भरलं ते वेगळंच. तिथली माणसंही मेंढरं राखतात. उन्हाळ्यात कळप घेऊन उंच डोंगरातल्या कुरणांवर जातात, दाबलेल्या लोकरीच्या गोल तंबूत राहतात आणि थंडीआधी खाली उतरतात.

“मग आपलीच मानसं की,” तो म्हणाला आणि निर्धास्त झाला. स्वतःच्या मेंढ्यांच्या लोकरीचं काळं घोंगडं त्यानं मुलीच्या बॅगेत कोंबलं. त्यापायी बानूबाईचा चटणीचा डबा बाहेर राहिला. त्यावरून नवराबायकोत बरेच दिवस अबोला होता.

गेल्या सप्टेंबरात एका दुपारी सिदू माझ्या ओट्यावर येऊन बसला. कॉलेज सुरू व्हायच्या आत मंजुषा आयझादा नावाच्या मैत्रिणीबरोबर तिच्या आजीच्या तंबूवर गेली होती. वर फोन लागत नाही, लवकरच खाली येते, असं सांगून गेली होती. आठवडा होत आला तरी तिचा आवाज नव्हता. त्या सकाळी मात्र आयझादाच्या नंबरावरून एक फोटो आला होता. सोबत शब्द एकही नाही.

“बघा, बाई,” म्हणून त्यानं फोन पुढं केला.

तंबूचा आतला भाग. लाल नक्षीची जाजमं. एक म्हातारी आणि तीन-चार माणसं खाली मान घालून बसलेली. समोरच्या भिंतीवर मंजुषाचं काळं घोंगडं पसरून टांगलेलं. मंजुषा कुठंच नव्हती.

छान लावलंय, असं मी म्हणाले.  सिदूनं विचारलं, तिकडं बर्फ कधी पडतं. त्याला धीर यावा म्हणून मी मला माहीत होतं ते सांगत सुटले. जवळजवळ सगळा देशच डोंगर आहे. नद्यांच्या पाण्यावर वीज करतात, खाणीत सोनं सापडतं. तरी तरुण माणसं कामाला रशियात जातात आणि कळपामागे म्हातारी माणसं, बायका उरतात.

“म्हंजी वर धडधाकट मानूस न्हाय,” तो म्हणाला.

सप्टेंबरातही कधीकधी बर्फ पडून घाट बंद होतात, हेही मी बोलून गेले होते. 

“आमच्या घरात मानूस गेलं की त्येचं घोंगडं भिंतीला टांगत्यात, बाई. पांघरायचं न्हाय, घडी घालायची न्हाय. सुतक फिटंस्तोवर म्होरं बसायचं. माझ्या बाचं असंच टांगलं व्हतं.”

मी फोटो पुन्हा बघितला. मघाचीच माणसं, पण त्यांच्या खाली घातलेल्या माना आता मला बघवेनात. मी आयझादाला फोन लावला, लागला नाही. मंजुषाचा बंद. तिच्या खोलीतली तुळजापूरची शिवांजली तेवढी सापडली. वर जोराचं बर्फ पडलंय, मंजू परतली नाही, आमचीही चौकशी चाललीय, असं ती म्हणाली. सिदूला मी यातलं अर्धंच सांगितलं. तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. पायांकडे बघत होता.

“हिला काय सांगू नका,” तो म्हणाला. कारण बानूबाई फाटकातून आत येत होती. त्यानं फोन मांडीखाली सरकवला.

“आवं, मेंढरं वाऱ्यावर सोडून हितं बसलाव व्हय? बाईंच्या घरचा चा लई गोड लागतुया.”

सिदूनं मान हलवली. तीही पायरीवर टेकली. मंजूचा फोन आला का, हे तिनं विचारलं नाही. नुसती पदराचं टोक पिळत बसली.

फोन वाजला तो मांडीखालीच. सिदू हलला नाही. वाजून थांबला. पुन्हा वाजला तेव्हा मी तो ओढून घेतला. नंबर अनोळखी होता.

“बाई? तुम्ही? आबा कुठंयत?”

मंजुषाच होती. कळपाबरोबर बर्फातून उतरून नुकतीच खालच्या गावात पोचली होती. तिच्या फोनची बॅटरी केव्हाच संपली होती. तिनं आधी विचारलं, फोटो मिळाला का. आजीनं घोंगडं दारासमोरच्या भिंतीवर लावलं होतं, तिथं सगळ्यांत मानाच्या पाहुण्याला बसवतात म्हणे. जेवण झाल्यावर सगळे देवाचं नाव घेत होते, तेवढ्यात तिनं आयझादाच्या फोनवर फोटो काढला. आबांना बरं वाटेल म्हणून आयझादा घोड्यावरून टेकाडावर गेली आणि तिथून तो पाठवला.

तू का नाहीस त्यात, मी विचारलं.

“बाई, फोटो मीच काढला ना.”

मी फोन सिदूकडे दिला. 

“ते घोंगडं उतरवलंस का?” तो म्हणाला.

आजीनं ते मागून घेतलं होतं. आता गावातल्या घराच्या भिंतीवर थंडीभर राहणार होतं. मोठा मान आहे, आबा, असं मंजुषा सांगत होती. सिदू “व्हय, व्हय” म्हणत होता आणि कपाळावरचा घाम पुसत होता.

फोन ठेवल्यावर त्यानं तो माझ्यापुढं धरला. तो फोटो पुसून टाका, हिनं बघायला नको, असं अगदी हळू म्हणाला.

बानूबाई पायरीवरून उठली.

“आता कशाला पुसता?” ती म्हणाली. “तुमी उठायच्या आधीच म्या बघितलाय.”