सुंदराचा चौथा रविवार

भिसेगावात आमच्या घराला लागून विठूचं घर. त्याची बहीण सुंदरा सासरहून कायमची परत आली ती एकाहत्तर साली, आणि एकटी आली. नवऱ्याने, नागूने, काडीमोड देऊन पोर ठेवून घेतली होती. पोर म्हणजे भागी, सहा वर्षांची. सुंदराला दुसरं काही नको होतं. शेत नको, भांडी नकोत, पोटगीसुद्धा नको. फक्त पोर हवी होती.

विठूने बहिणीसाठी कोर्ट गाठलं, हे त्याचं चांगलंच. पण न्यायाधीशांना नागूची रसायनीच्या कारखान्यातली नोकरी दिसली, कळंबची शेती दिसली, आणि भावाच्या दारात येऊन पडलेली ही बाई दिसली. पोर बापाकडे राहील आणि आईने दर चार आठवड्यांनी, चौथ्या रविवारी, तिला भेटावं, असं ठरलं. भेटायचं कुठे? नागूच्या आईने, सोनुबाईने, सुचवलं की त्यांच्या गावच्या, कळंबच्या देवळात. देवासमोर कोणी भांडत नाही. हे सगळ्यांना इतकं पटलं की दोन्ही वकील माना डोलवायला लागले. आई आली की नाही हे पोलीस पाटलाने तिथे बसून बघायचं.

पहिली भेट छान झाली. सुंदराने घावणे करून नेले, लेकीच्या उवा काढल्या, वेणी घातली. परत आल्यावर आमच्या ओट्यावर बसून तेच तेच सांगत राहिली, आणि मीही कंटाळले नाही.

कोर्टाच्या दगदगीने त्या महिन्यात तिचे दिवस मागेपुढे झाले आणि पुढच्या खेपेला नेमका तिला कावळा शिवला. मग चार दिवस लांब बसायचं, देवळाच्या पायरीलाही शिवायचं नाही. एरवी तिची पाळी नेमाची, चार आठवड्यांनी यायची. त्यामुळे एकदा गाठ पडली ती पडलीच. भेटीचा रविवार आला की ही बाहेरची. तरी ती एसटीने कळंबला जायची आणि देवळासमोरच्या बांधावर उभी राहायची. आत भागी आजीजवळ बसलेली असायची. सोनुबाई बांधाकडे बघायची आणि पोरीचं तोंड देवाकडे वळवायची. इतकी वर्षं एका घरात नांदलेल्या सुनेचे दिवस सासूला माहीत नसतात, असं मला कोणी सांगू नये.

मी म्हटलं, "अगं, वकिलाला सांगून रविवार बदलून घे."

"वयनी, असलं बाप्या मानसाला सांगू?"

"मग विठूला सांग."

"तो तर भाऊ हाय माजा."

"मग घाल पाय देवळात! देव काय तपासायला येतोय?"

तिने कानांवर हात ठेवले. "माज्या पोरीला काय झालं मंजी?"

शेवटी नागूने भेट बंद करायला अर्ज केला. आई देवळात पाऊल टाकत नाही, असं पाटलाने शपथेवर सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. न्यायाधीशांनी विचारलं, "का जात नव्हतीस, बाई?" अगदी सौम्यपणे विचारलं, असं विठू सांगतो. सुंदरा पदर तोंडाला लावून खाली बघत राहिली. आईला ओढ दिसत नाही, पोर उगाच ताटकळते, म्हणून भेट बंद झाली.

माझं डोकं फिरलं. दुसऱ्याच दिवशी मी तिला ओढत कळंबला नेलं. ओट्यावर सोनुबाई तांदूळ निवडत होती. नागू दोघा सोबत्यांबरोबर चहा पीत होता.

"ही आत का येत नव्हती, ते तुम्हाला माहीत होतं," मी सोनुबाईला म्हटलं.

तिने मान वर केली नाही. "व्हतं की. पन मला कोनी इचारलंच नाय."

आवाज ऐकून भागी दारात आली. आईला बघून धावली नाही. चौकटीला धरून उभी राहिली.

"आये, तू देवळात का नाय आलीस? मी वाट बगत व्हते."

सुंदराने लेकीकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या पुरुषांकडे. मी तिला कोपराने ढोसलं. तिने पुन्हा पदर तोंडाला लावला. मला तिचा राग आला आणि रडूही आलं.



"आजी सांगते ते खरं हाय तर," भागी म्हणाली आणि आत निघून गेली.