एक कोयता, दोन आया

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. आम्ही दोघी जोडीनं नाव लावायला गेलो तेव्हा तो हसला. दोन बायांचा कुठं कोयता होतो का, म्हणाला. त्या हंगामात मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर आम्हीच चढलो, आणि महिन्याभरात त्याचं तोंड बंद झालं. आता त्याच्या वहीत आम्ही एक कोयता आहोत. सरकारच्या कुठल्याही कागदावर मात्र आम्ही एकमेकींच्या कोणी नाही.

लोक सुचवतात, मैत्रिणी म्हणा की. मैत्रिणी मला पाटोद्याच्या बाजारात चार भेटतात. ही माझं माणूस आहे, माझा तिच्यावर जीव आहे, आणि हे लिहिताना मला लाज वाटत नाही. तिचा नवरा वारला तेव्हा मुलगी पोटात होती. पोर फडाजवळच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत जन्मली, तिला न्हाऊमाखू मीच घातलं. ती हिला आई म्हणते आणि मला माय.

मागच्या हंगामात फडात हिला साप चावला. तीन दिवस शुद्ध नव्हती. हिचा भाऊ दवाखान्यात आला आणि बहिणीजवळ बसायच्या आधी पोरीला घेऊन जायला त्यानं तिची पिशवी उचलली.

"तुमी हिच्या कोण लागता?" त्यानं मला विचारलं.

पोरीनं माझा पदर सोडला नाही, म्हणून तो हात हलवत परत गेला.

ही बरी झाल्यावर आम्ही बीडला वकीलबाई गाठल्या. मी बारावी शिकलेली, टोळीतल्या सगळ्यांचे फॉर्म मीच भरते. मला वाटलं, याचाही एखादा फॉर्म असेल. बाईंनी समजावलं, दोन बायांचं लग्न कायदा मानत नाही, आणि दोघींच्या नावावर एक पोर लागत नाही. आईनं मृत्युपत्रात पालक म्हणून माझं नाव घालावं, एवढं मात्र होतं.

ही शांतपणे म्हणाली, "म्हंजे म्या मेल्यावर ही तिची माय व्हणार. अन् म्या जित्ती हाय तवर कोण?"

कायद्यानं कोणीच नाही, बाई म्हणाल्या.

मृत्युपत्र केलं, ते भावाची वाट अडवायला. मी धुसफुसतच होते. जिवंतपणीच्या हक्काचाही अर्ज लिहा, मी बाईंना सांगितलं. फेटाळला तर दुसरा लिहू.

जूनमध्ये पोर तिसरीत गेली, शाळेचा फॉर्म आला. आईच्या रकान्यात हिनं सही केली. खालचं 'वडील' मी खोडलं, 'माय' लिहिलं आणि सही ठोकली. गुरुजी म्हणाले, हे वर चालणार नाही. मी म्हणाले, "परत आला तर पुन्यांदा भरीन. मला फॉर्म भरायचा कंटाळा न्हाई."

फॉर्म दोनदा परत आला. तिसऱ्यांदा पोरीनंच पेन घेतलं, 'वडील' पट्टी लावून सरळ खोडलं, 'माय' लिहिलं आणि सहीपुरतं पेन माझ्या हातात दिलं.