राऊत मॅडमचा संशय

राऊत मॅडमना नमस्कार करायची सोय नव्हती. आपण हात जोडायच्या आत त्या आपला हात पकडून उताणा करायच्या, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढायच्या आणि तळहात निरखायच्या. वर्ध्याच्या साथरोग कार्यालयात मी रुजू झालो त्या दिवशी मला वाटलं, बाई भविष्य सांगतात. "लग्नाचा योग दिसतो का?" मी विचारलं. "पुरळ दिसत नाई, तेवढ्यात खूश राहा," त्या म्हणाल्या.

मॅडम मूळच्या हिंगणघाटच्या. डॉक्टरकी झाली, मोठमोठ्या शहरांत नोकऱ्या झाल्या, पण बोली सुटली नव्हती. संशय हा त्यांचा स्वभाव होता की धंदा, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. कॅन्टीनच्या दुधावर संशय, नमुन्यांच्या डब्यातल्या बर्फावर संशय, आमच्या रजेच्या अर्जावर तर हमखास. ताप आला म्हणावं, तर हात थेट गळ्याकडे, गाठ चाचपायला. कोणी चिडलंच तर म्हणायच्या, "संशयानं कोणी मरत नाई बाबा. भरवशानं मरते."

एमपॉक्सच्या, म्हणजे मंकीपॉक्सच्या, बातम्या यायला लागल्या तेव्हा आम्ही एका दुपारी जीपने कारंज्याला चाललो होतो. वाटेतल्या एका वस्तीत कुणाच्या तरी दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधलेला दिसला आणि मॅडमनी गाडी थांबवली. अंगावर दाणे उठले की आमच्याकडे माता आली म्हणतात. मग दाराला कडुनिंब, घरात फोडणी बंद, बाहेरच्याला आत मज्जाव आणि डॉक्टर तर नाहीच. इतर साहेब लोक डहाळा दिसला की नाक मुरडायचे. मॅडमना मात्र तो घरानेच धाडलेला निरोप वाटायचा.

घर शेवंताबाईंचं. भाजीपाला पिकवून कारंज्याच्या बाजारात विकणारी ही बाई दारातच आडवी उभी राहिली. तिचा मुलगा गजानन आखातातल्या नोकरीवरून नुकताच परतला होता आणि त्याच्यावर माता आली होती. मॅडमनी चपला काढल्या, देव्हाऱ्यापुढे हात जोडले आणि विचारलं, "माय, मातेनं तळहातावर दाणे देले का?"

शेवंताबाई चपापली. "तुमाले कसं ठाऊक?"

मॅडमनी हातमोजे चढवून गजाननला तपासलं. कांजण्यांत जुने आणि नवे दाणे एकाच वेळी अंगावर असतात. इथे सगळे एकाच वयाचे होते. तळहात, तळपाय भरलेले आणि जांघेत गाठ, म्हणजे संशय एमपॉक्सचा. गावच्या आरोग्य केंद्रातल्या इंगोलेंना नमुना घ्यायला सांगून आम्ही परतलो.

अहवाल आला, एमपॉक्स नाही. मॅडमच्या वरचे साहेब फोनवर म्हणाले, विषय संपला. शेवंताबाईनेही माता थंड करायचा दिवस ठरवला. त्या दिवशी वस्तीतल्या बाया जमणार, लेकराच्या अंगावरून हात फिरवणार आणि त्याच घरात दहीभात खाणार. गजाननच्या खपल्या अजून पडायच्या होत्या. त्याला खरंच एमपॉक्स असेल, तर ती पंगत आजार घरोघर पोचवणार होती.

"रिपोर्ट खोटा बोलत नाई," मॅडम जीपमध्ये पुटपुटत राहिल्या, "पण त्याले जे देलं तेच तो सांगते."

इंगोलेंना त्यांनी दटावलं नाही. नुसतं विचारलं, "तुमच्या घरी माता आली तं दाण्याले हात लावता का?"

"नाई मॅडम. कोपते ना ते."

मग सगळं बाहेर आलं. आम्ही परतल्यावर शेवंताबाईने गजाननला हळद-कडुनिंबाचा जाड लेप दिला होता. दाणा घासून आतला अंश घ्यायचा, तर इंगोलेंनी हात जोडून कापूस लेपावरूनच फिरवला होता. प्रयोगशाळेने बिचारीने हळद तपासली आणि हळदीत काही नाही असं प्रामाणिकपणे कळवलं.

मॅडमनी शेवंताबाईच्याच हाताने लेप धुवून घेतला, स्वतः दाणे घासून नमुना घेतला आणि अहवाल येईपर्यंत पंगत थांबवली. साहेबांचा फोन आला तेव्हा, "माह्यावर लिहून घ्या," एवढंच बोलल्या. मला भीती वाटत होती. त्या चुकल्या असत्या, तर ना गावाने सोडलं असतं ना साहेबांनी.

या वेळी एमपॉक्स निघाला. पुढे मोठ्या प्रयोगशाळेत विषाणूची वंशावळ जुळवली, तेव्हा त्याचे भाऊबंद गजाननच्या नोकरीच्या मुलखातच सापडले. वस्तीत तो आधीपासून फिरत नव्हता, एवढा दिलासा मिळाला. गजाननच्या जवळ गेलेल्यांवर आम्ही तीन आठवडे नजर ठेवली. कोणालाच काही झालं नाही. गजाननही बरा झाला.

आणि तेच आमच्या अंगलट आलं. "कोणाले काई झालं नाई, मंग मातेचा दहीभात काऊन अडवला?" बाया विचारायच्या. शिवाय कारंज्याच्या बाजारात शेवंताबाईची भाजी कोणी घेईना. तिने आमच्याशी बोलणंच टाकलं. मॅडमना ते फार लागलं. त्यांनी वस्तीत सभा घेतली, बाई निरोगी आहे म्हणून सांगितलं. लोकांनी मान डोलावली आणि वांगी दुसरीकडून घेतली. संशय घ्यायला आम्हीच शिकवलं होतं, तो मागे कसा घ्यायचा हे कोणालाच माहीत नव्हतं.

निवृत्तीच्या आठवड्यात मॅडम मला घेऊन भर बाजाराच्या दिवशी कारंज्याला गेल्या. शेवंताबाई वांग्यांच्या ढिगामागे एकटी बसली होती. मॅडमना पाहून तिचं तोंड कडू झालं. मग तिने तराजू खाली ठेवला आणि दोन्ही हात उताणे करून पुढे केले. "पाहा. सगळ्यायच्या समोर पाहा एकडाव."

आसपासच्या बाया थबकल्या. मॅडम खाली फतकल मारून बसल्या. हातमोजे घातले नाहीत. चष्मा नाकावर ओढून त्यांनी ते राबलेले हात स्वतःच्या हातात धरले, बोटांच्या बेचक्यासुद्धा पाहिल्या आणि शेजारच्या दुकानांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "काई नाई. साफ हायेत."

हात सोडून त्यांनी ढिगातलं एक वांगं उचललं, उलटंपालटं केलं, देठाशी नख लावून पाहिलं.

"आत अळी तं नाई ना?"

शेवंताबाई पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिचे डोळे भरून आले. मागे उभ्या असलेल्या एका बाईने पिशवी पुढे केली आणि विचारलं, "कशी देल्ली वांगी?"