उघडत नाही

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट थेट केली नाही. थेट हा शब्दच त्यांना जरा उद्धट वाटायचा. जे काही करायचं ते आधी घरी करून बघायचं, मन भरेपर्यंत करून बघायचं, आणि मग धीर झालाच तर दाराबाहेर न्यायचं. "आधी घरी, मग दारी" हे त्यांचं ब्रीदवाक्य. नवे बूट आणले की दाजी महिनाभर ते घालून हॉलमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये फेऱ्या मारायचे. कुळगावातल्या त्या बिल्डिंगमधले खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन, कोणी आजारी आहे का, म्हणून विचारून जायचे. नवी छत्री घेतली तर ती बाथरूममध्ये शॉवरखाली उघडून उभे राहायचे. बाहेरून ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, ओरडायची, "अहो, पाणी जाईल आता, बादल्या भरायच्यात." आतून शांत आवाज यायचा, "शिवणीतून गळतंय का बघतोय. भर बाजारात गळली तर कोणाला सांगू?" फोन करायचा तर रिसीव्हर न उचलता सगळं संभाषण आधी एकट्यानं बोलून घ्यायचे, समोरच्याच्या उत्तरांसकट. मग खरा फोन लावायचे आणि समोरच्यानं वेगळंच उत्तर दिलं की बिचारे गोंधळून जायचे.

ताईला बघायला आले तेव्हाही हेच झालं होतं. चामटोलीला त्यांची एक आत्या होती. तिला नवरी म्हणून पाटावर बसवून या गृहस्थांनी आदल्या आठवड्यात कांदेपोह्यांची रंगीत तालीम केली होती. आत्यानं सगळी उत्तरं मान खाली घालून दिली. आमच्या घरी मात्र दाजींनी "शिक्षण किती?" असं विचारलं आणि ताईनं मान वर करून विचारलं, "तुमचं किती?" हे तालमीत नव्हतं. दाजी पुढचा सगळा वेळ नुसता चहा पीत राहिले. आमच्या वडिलांना वाटलं, मुलगा फार सोज्वळ आहे. लग्न ठरलं.

पुढे सोनू झाली. ती तिसरीत असताना एकदा चौदा एप्रिलला विहारात दाजींचं भाषण होतं. घरी त्यांनी ते ताईला आणि सोनूला इतक्या वेळा ऐकवलं होतं की विहारात मध्येच त्यांना शब्द आठवेना, तेव्हा पहिल्या रांगेतून सोनूनं पुढचं वाक्य खणखणीत आवाजात म्हणून टाकलं. मग त्याच्या पुढचंही. टाळ्या तिलाच पडल्या. दाजी नंतर कितीतरी वर्षं हा किस्सा सांगायचे आणि सांगताना त्यांचा चेहरा असा उजळायचा की वाटावं, भाषण विसरायचं त्यांनी मुद्दाम ठरवलं होतं. त्यांचा सगळा जीव त्या पोरीत होता.

म्हणूनच तिला बंगळूरला नोकरी लागली तेव्हा त्यांनी जे केलं ते फक्त तेच करू शकत होते. त्यांनी सांगितलं, "वर्षभर इथंच अंबरनाथला एखाद्या कंपनीत काम करून बघ. सवय झाली, की जा." दाजी स्वतः अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरला होते. त्यांच्या दृष्टीनं अंबरनाथ म्हणजे घर आणि बंगळूर म्हणजे दार. सोनू तडकली. "पप्पा, माझ्या आयुष्याची पण घरी ट्रायल घेणार का तुम्ही?" म्हणाली आणि बॅग भरून गेली. त्यानंतर तिचा फोन यायचा तो ताईला. दाजींनी उचलला तर पलीकडून "मम्मीला द्या" एवढंच. दाजी रिसीव्हर ताईच्या हातात द्यायचे आणि उगाचच शेजारी उभे राहायचे.

त्याच सुमारास त्यांनी ब्लॉग काढायचं मनावर घेतलं. माझं उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये कॉम्प्युटर जोडून देण्याचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांचं मशीन मीच जोडून दिलेलं. मी म्हटलं, "दाजी, दहा मिनिटांत चालू करून देतो." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना न शिजवलेला भात वाढत होतो. "मेव्हणे, तुम्ही फक्त त्या सॉफ्टवेअरची सीडी द्या. आधी घरी करून बघतो." आणि काय सांगू, हा माणूस आयुष्यभर ज्या विद्येची तयारी करत होता ती हीच होती. ब्लॉगचं सॉफ्टवेअर आधी आपल्याच कॉम्प्युटरवर चालवून बघायचं आणि सगळं जमलं की मगच जगाला दिसणाऱ्या सर्व्हरवर चढवायचं, ही या धंद्यातली रीतच आहे. कोणीतरी आपल्यासारखा विचार करून यंत्र बनवलंय, हे कळल्यावर दाजींना भरून आलं.

त्या सॉफ्टवेअरची एक सेटिंगची फाईल असते. माहिती कुठे साठवलीय, तिथं शिरायचं नाव काय, पासवर्ड काय, हे तिच्यात लिहावं लागतं. घरच्या मशीनसाठी एक आणि बाहेरच्या सर्व्हरसाठी दुसरं. दाजींनी दोन फायली केल्या, एकीचं नाव 'घरची', दुसरीचं 'दारची'. घरचीमध्ये पासवर्डची जागा कोरी. "घरातल्या माणसाला कसला पासवर्ड?" दारचीमध्ये मात्र इतका लांबलचक की टाईप करताना ते स्वतःच मध्ये श्वास घ्यायचे. घरच्या मशीनला कॉम्प्युटरच्या भाषेत लोकलहोस्ट म्हणतात. त्याचा त्यांनी लावलेला अर्थ असा: लोकल म्हणजे इथला, होस्ट म्हणजे यजमान. इथला यजमान म्हणजे मीच की.

मग सराव सुरू झाला. वाचक हवा म्हणून ताईला वाचक केलं. तिनं पोळ्या लाटायच्या थांबवून, हात पुसून, हॉलमध्ये यायचं, खुर्चीत बसायचं आणि अनोळखी माणसासारखं वाचायचं. खाली प्रतिक्रियाही लिहायची. ताईनं लिहिलं, "तेल संपलंय. येताना आणा." दाजींनी ती प्रतिक्रिया मंजुरीसाठी राखून ठेवली आणि तेल आणायला विसरले. पानांवर काय होतं, तर गॅलरीतल्या मोगऱ्याला कळी आली, पाणी आज लवकर गेलं, शाळेच्या रस्त्यावरचं बोराचं झाड तोडलं. हे सगळं कोणासाठी लिहिलंय ते ताईला कळत होतं. बोराच्या झाडाशी बंगळूरला बसलेल्या एकाच मुलीचा संबंध होता. शेवटी एक पान होतं, त्याचं नाव 'सोनूस'. ते त्यांनी ताईलाही वाचू दिलं नाही.

असे कितीतरी महिने गेल्यावर एका रविवारी दाजींनी मला न सांगता सगळं बाहेरच्या सर्व्हरवर चढवलं. दारची फाईल लावली, लांबलचक पासवर्ड घातला, बाहेरचा पत्ता टाईप करून बघितला. उघडलं. पुन्हा बघितलं. पुन्हा उघडलं. मग ताईकडून सोनूला पत्ता कळवला. पुढच्या फोनला ताईनं विचारलं, "बघितलंस का गं पप्पांचं?" सोनू ऑफिसच्या घाईत होती. "उघडत नाही," म्हणाली आणि दुसऱ्या विषयावर गेली. ताईनं फोन ठेवून दाजींना निरोप दिला, "उघडत नाही म्हणाली."

दाजी "बरं" म्हणाले. त्यानंतर त्यांनी कशाचाच सराव केला नाही. महिन्याभरानं ताईचा मला फोन आला, आवाज अगदी घाबरलेला. "अरे, तुझ्या दाजींनी काल नवीन चप्पल आणली आणि तशीच पायात घालून बाजारात गेले रे." मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी म्हटलं, त्यांना काहीतरी निमित्त काढून माझ्याकडे पाठव.

ते आले. ताईनं की-बोर्ड बदलायला म्हणून पाठवलं होतं. मी दुकानातल्या मशीनला एक जोडून दिला आणि म्हटलं, टाईप करून बघा. हाताच्या सवयीनं त्यांनी आपल्याच ब्लॉगचा पत्ता टाईप केला. पडदा पांढरा पडला आणि खाली चूक झाल्याची पाटी आली. त्यांनी पुन्हा केला. पुन्हा तेच.

"मेव्हणे, तुमचं मशीन बिघडलंय."

शेजारच्या गाळ्यातले मोबाईल कव्हरवाले सिंधी काका आमच्याच लाईनवर नेट वापरायचे. त्यांनी मान आत घातली. "साईं, नेट तो बराबर है. मेरा सब खुल रहा है."

मी स्वतः करून बघितलं आणि म्हणालो, "दाजी, उघडत नाही."

दाजींनी माझ्याकडे वळून बघितलं. "काय म्हणालास?" एरवी ते मला थट्टेनं अहोजाहो करायचे. पहिल्यांदाच अरेतुरे झालं.

"उघडत नाही."

"कोण?"

"कोण काय, दाजी? पान. पान उघडत नाही."

ते मॉनिटरच्या खोक्यावर बसले. "सोनूपण हेच म्हणाली होती," ते म्हणाले. "मला वाटलं, तीच उघडत नाही."

मग मी सर्व्हरवर शिरून बघितलं. दाजींनी फाईल बदलली होती, पासवर्ड बदलला होता, पण ब्लॉगच्या पोटात त्याचा स्वतःचा पत्ता लिहिलेला असतो, तो घरचाच राहिला होता, लोकलहोस्ट. म्हणजे कोणीही दारात आलं की ब्लॉग त्याला सांगायचा, 'घरात बघ', आणि प्रत्येक मशीन आपापल्या घरात बघायचं.

"मग माझ्याकडं कसं उघडतं?"

"तुमचं मशीन तुमच्या घरात शोधतं. तिथं ते आहेच. सोनूचं मशीन सोनूच्या ऑफिसात शोधतं. तिथं तुम्ही कुठून असणार?"

त्यांचे डोळे भरले होते आणि चेहऱ्यावर मात्र महिन्याभरानं रंग आला होता, असं मी दुसऱ्या कोणाचं पाहिलेलं नाही. मी म्हटलं, "एक ओळ बदलायचीय. आत्ता करतो, संध्याकाळपर्यंत ती वाचेल." त्यांनी माझा हात धरला. "थांब." आणि दुकानातला फोन ओढून, ओठांतल्या ओठांत काहीही न पुटपुटता, त्यांनी थेट बंगळूरचा नंबर लावला.

"सोनू, पप्पा बोलतोय. फोन मम्मीला नाही देणार, मी तुझ्या मामाच्या दुकानात आहे." मग एका दमात, "तुला थांबवायला नको होतं मी. चुकलं माझं. मला भीती वाटली होती, बाकी काही नाही."

आमच्या दुकानातल्या फोनचा आवाज बाहेरपर्यंत यायचा. मग सोनू म्हणाली, "जयभीम, पप्पा." आणि नाक ओढल्याचा आवाज आला. "मला वाटलं, तुमचा अजून घरीच सराव चाललाय. म्हणून पान उघडत नसेल."

"लिहिलंय तुझ्यासाठी. पण ते आपल्या घरीच उघडतं."

मी हातानं खुणा करत होतो, की दाजी, एक ओळ, एकच ओळ. त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली.

"मग घरी येऊन वाचते," सोनू म्हणाली.

ती आली. हॉलमधल्या त्या खुर्चीत बसून तिनं ते पान वाचलं. तेवढा वेळ दाजी स्वयंपाकघरात आधीच भरलेल्या पिंपात पाणी भरत होते, असं ताई सांगते. त्या पानावर काय आहे ते आम्हा कोणाला आजवर माहीत नाही. खाली तिनं प्रतिक्रिया लिहिली होती आणि दाजींनी ती न थांबता मंजूर केली, एवढं कळलं.

आता सोनूचा मुलगा तिसरीत आहे. सगळ्या जगाचे ब्लॉग हातातल्या फोनवर उघडतात. दाजींचं ते मशीन मात्र अजून तिथंच आहे, आणि ती आली की एकदा त्याच्यासमोर बसतेच. मी दर वेळी म्हणतो, "दाजी, द्या इकडं, दहा मिनिटांत तिच्या फोनवर घालून देतो." यंदा म्हणालो तेव्हा त्यांना खुर्चीतून उठायला हात द्यावा लागला होता. उभे राहून दम घेत ते म्हणाले, "नको रे. मग ती यायची कशाला?"

त्यामुळे ती यायच्या आधी मी कुळगावला जातो. पंख्यातली धूळ झाडतो, आतल्या घड्याळाचा सेल बदलतो, मशीन चालू करून पान उघडतं का बघतो. उघडतं. मग न वाचता बंद करून ठेवतो.